आकार शिकवताना नाव शेवटी सांगा

बाजारात मिळणाऱ्या तक्त्यावरचा त्रिकोण बघा. तिन्ही बाजू सारख्या, तळ आडवा, टोक वर. आयत कायम आडवा पसरलेला आणि चौरस अगदी शिस्तीत उभा. मुलं वर्षभर तेच बघतात. मग एखादा लांबोडका, कललेला त्रिकोण समोर ठेवला की म्हणतात, "बाई, हा त्रिकोण नाही, हा काटा आहे." चौरस कोपऱ्यावर उभा केला की त्याचा लगेच पतंग होतो. मुलांनी चित्र पाठ केलेलं असतं, कारण आपण चित्रच दाखवलेलं असतं. म्हणून हा घटक सुरू करायच्या आदल्या दिवशी मी तक्ता भिंतीवरून उतरवून ठेवते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथी एकत्र सांभाळते. खालचं बरंचसं दुसरीलाही चालतं.

तुकड्यांसाठी जुन्या लग्नपत्रिकांसारखा कागद नाही. जाड असतो, फुकट असतो आणि लग्नसराई संपली की गावात ढिगानं मिळतो. गणपतीचं चित्र असलेला भाग तेवढा आधी कापून बाजूला ठेवा. मुलं त्यावर कात्री चालवत नाहीत, आणि चालवली तर दुसऱ्या दिवशी आजी शाळेत हजर. सगळे तुकडे एकाच रंगाचे दिसतील असं बघा, कोरी बाजू वर ठेवली तरी भागतं. रंग वेगवेगळे असले की मुलं रंगावरून गट करतात आणि अर्धा तास त्यातच जातो.

चार-पाच मुलांच्या गटाला वीस-पंचवीस तुकडे पुरतात. नेहमीचे त्रिकोण-चौरस थोडे आणि अडचणीचे जास्त, असं प्रमाण ठेवा. सुळ्यासारखा निमुळता त्रिकोण हवा. पट्टीसारखा अरुंद आयत, शंकरपाळ्याचा आकार, बाणाच्या टोकासारखा आत दबलेला चौकोन हवा. एक बाजू फुगीर असलेला "जवळजवळ त्रिकोण" आणि कोपरे गोल केलेला "जवळजवळ चौरस" तर हवेतच. शिवाय एका कागदावर तीन रेघांची, पण एका कोपऱ्यात न मिळालेली, उघडी आकृती काढून ठेवा. खरं शिक्षण या नापास होणाऱ्या आकारांवर होतं.

आता सुतळीची दोन कडी जमिनीवर ठेवायची आणि एवढंच म्हणायचं, "सारखे वाटतील ते एकत्र ठेवा." मग गप्प बसायचं. पहिल्या फेरीत लहान-मोठे किंवा टोचणारे-न टोचणारे असे गट होतात. होऊ द्या. गट लावून झाले की प्रत्येक गटानं आपला नियम मोठ्यानं सांगायचा आणि दुसऱ्या गटानं त्या नियमाची परीक्षा घ्यायची. "तीन टोकं असलेले सगळे यात," असं कुणी म्हणालं की समोरचा गट मुद्दाम तो फुगीर बाजूचा तुकडा पुढे करतो. इथे भांडण होतं. "टोकं तीनच आहेत की!" "पण ही बाजू वाकडी आहे ना!" मध्ये पडू नका. थोड्या वेळानं कुणीतरी नियमात "सरळ" हा शब्द घालतं. उघडी आकृती पुढे आली की "बंद" येतो. बंद, सरळ बाजू, तीन. इतकं मुलांच्या तोंडून आल्यावर फळ्यावर "त्रिकोण" लिहायचं. नाव आधी दिलं तर हे भांडणच होत नाही.

यानंतर वर्गात एकच सवय लावायची. उत्तरात "कारण" हवंच. "हा त्रिकोण आहे, कारण तो बंद आहे आणि त्याला तीन सरळ बाजू आहेत." नुसतं "दिसतोय ना तसा" चालणार नाही. पिएर व्हान हिले आणि दिना व्हान हिले या डच शिक्षक दांपत्यानं १९५७ मध्ये आपल्या प्रबंधांत हेच मांडलं होतं. मूल आधी आकार एकसंध रूपावरून ओळखतं, मग त्याचे गुणधर्म बघतं आणि त्याच्याही पुढे गुणधर्मांचं एकमेकांशी नातं लावतं. मधली पायरी गाळून पुढे उडी मारता येत नाही. आपल्याकडे बहुतेक वेळा पहिल्या पायरीवरच घटक संपवला जातो आणि पाचवी-सहावीत व्याख्या डोक्यावर आदळतात.

चौकोनांची वर्गवारी करायला कोपरा तपासण्याचं साधन लागतं. गुण्या प्रत्येकाकडे नसतो. वर्तमानपत्राचा कसाही फाटलेला तुकडा घ्या. एकदा दुमडा, घडी नखानं दाबा. आता ती घडीची कड तिच्यावरच बरोबर बसेल अशी दुसरी घडी घाला. झाला काटकोन. कडा फाटक्या असल्या तरी कोपरा अचूक येतो. मुलं हा कागद घेऊन दार, पाटी, फळा, बाकाचे कोपरे, जे दिसेल ते मापत सुटतात. मापू द्या. मग तुकड्यांकडे वळवा. चारही कोपऱ्यांत कागद चपखल बसतो ते चौकोन एका कड्यात, बाकीचे दुसऱ्यात.

यापुढचा भाग माझ्या सगळ्यात आवडीचा. सायकलच्या दुकानात व्हॉल्व्ह ट्यूब, म्हणजे बारीक रबरी नळी मिळते. तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा आणि गुल म्हणजे मसाला खरवडून काढलेल्या आगकाड्या त्यांत खोचा. खरवडायचं काम आपण घरूनच करून न्यायचं, मुलांकडे द्यायचं नाही. ही युक्ती टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांची. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात ते गेले, तिथलं हे काम. चार काड्यांचा चौरस करा आणि समोरासमोरचे कोपरे हलकेच दाबा. चौरस झुकतो. आता विचारा, काय बदललं आणि काय तसंच राहिलं? काड्या त्याच, म्हणजे बाजू सारख्याच. पण काटकोनाचा कागद आता बसत नाही. समभुज चौकोन मुलांच्या हातात तयार होतो. मग तीन काड्यांचा त्रिकोण दाबायला सांगा. तो हलत नाही. आमच्या शाळेच्या पत्र्याखाली लोखंडी कैच्या, म्हणजे छप्पर तोलणारे सांगाडे आहेत. कुणीतरी वर बघतंच आणि तिथले त्रिकोण मोजायला लागतं.

आता तो कटकटीचा प्रश्न: चौरस हा आयत आहे का? आयताचा नियम लिहिताना आपण चार सरळ बाजू आणि चार काटकोन एवढंच लिहिलेलं असतं. चौरस त्यात पास होतो. मुलं तक्रार करतात, "पण आयत लांब असतो!" नियमात "लांब" कुठे आहे ते शोधायला सांगा. सुतळीचं लहान कडं मोठ्या कड्याच्या आत ठेवा. मोठ्यात आयत, आतल्यात चौरस. प्रत्येक गाय जनावर असते, पण प्रत्येक जनावर गाय नसतं, हे आमच्याकडच्या मुलांना वेगळं समजावावं लागत नाही. माझं मत विचाराल तर दुसरीत हा वाद उकरून काढू नये, चौथीत जरूर काढावा. मात्र दुसरीतही "चौरस म्हणजे आयत नव्हे" असं म्हणू नका. ते नंतर पुसायला फार जड जातं.

वर्तुळाला वेळ लागत नाही. बांगडी गिरवा, कापा, कशीही निम्म्यात दुमडा, दोन्ही भाग जुळतात. लांबट गोल दोनच घड्यांना जुळतो. चेंडूला वर्तुळ म्हणणारी मुलं असतात. त्यांना खडूच्या पेटीची एक बाजू कागदावर ठेवून गिरवायला लावा. पेटी हातात राहिली, आयत कागदावर उतरला. चेंडू आणि वर्तुळातला फरकही तसाच.

जास्त बाजूंसाठी नाणी वापरा. २० रुपयांच्या नाण्याला १२ बाजू आहेत. घरात कुणी जुनं दोन रुपयांचं नाणं जपलं असेल तर त्याला ११. गिरवून मोजताना मुलं हमखास एक बाजू दोनदा मोजतात, म्हणून पहिल्या बाजूवर पेनाची खूण करायला सांगा. रस्त्यावरची "थांबा" पाटी अष्टकोनी असते, तो गृहपाठ.

मूल्यमापनात आकृती दाखवून नाव विचारू नका. पाटीवर काढायला सांगा: तक्त्यावरच्यासारखा न दिसणारा त्रिकोण, चार बाजू सारख्या पण काटकोन नसलेला चौकोन. चौथीतल्या हुशारांना दोन काटकोन असलेला त्रिकोण काढायला सांगा. दोन्ही रेघा सरळ वर जातात आणि पाटी संपली तरी मिळत नाहीत. "बाई, मोठा कागद द्या," अशी मागणी येते. द्या.