गुलमर्गला स्नोबोर्डिंगला निघालात? थर्मल घेताना या चुका टाळा

मुंबईत थंडी कशी ती फारशी नसतेच. त्यामुळे गुलमर्गचं बुकिंग झालं की आपण दुकानात जाऊन सांगतो, "सगळ्यात जाड थर्मल दाखवा." पहिली चूक इथेच होते.

स्नोबोर्डिंग शिकणारा माणूस दिवसभर काय करतो ते पाहा. पडतो, उठतो, बोर्ड हातात घेऊन चढ चढतो, मग बर्फात बसून बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डला जखडणारे पट्टे, आवळतो. चढताना घाम फुटतो आणि बसलं की अंग गार पडायला लागतं. पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं, म्हणून ओला कपडा अंगाला चिकटला की वरचं महागडं जॅकेटही फारसं कामाला येत नाही. थर्मलचं पहिलं काम त्वचेवरचा घाम ओढून घेणं हे आहे. ऊब मुख्यतः थर्मल आणि जॅकेटच्या मधल्या फ्लीसने, म्हणजे लवदार उबदार कपड्याने द्यायची.

म्हणून जाडी नंतर बघा, आधी लेबल वाचा. दादरला किंवा क्रॉफर्ड मार्केटला स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच थर्मलमध्ये सूत मिसळलेलं असतं. हातात घेतलं की ते मऊ, उबदार वाटतं, पण सूत घाम धरून ठेवतं आणि थंडीत लवकर वाळत नाही. त्याहून जास्त वेळा होणारी चूक म्हणजे थर्मल चांगलं घ्यायचं आणि आत सवयीने सुती बनियन घालायची. मग घाम बनियनमध्येच अडकतो आणि थर्मलपर्यंत पोचतच नाही. हेच अंतर्वस्त्रांचं.

पॉलिएस्टर की मेरिनो मेंढीची लोकर? आठवड्याच्या सहलीसाठी माझं मत पॉलिएस्टरच्या बाजूने आहे. स्वस्त पडतं आणि लवकर वाळतं. वास मात्र लवकर धरतं, म्हणून वरच्या अंगाचे दोन नग घ्या. मेरिनोला वास कमी येतो आणि ती थोडी दमट झाली तरी ऊब देते. दरवर्षी जाणार असाल तर पैसे वसूल होतात. घेतलीत तर 150 ते 200 जीएसएमची (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाची) घ्या. 250ची लोकर सतत हालचाल करणाऱ्याला बहुधा जड होते. लोकर टोचते अशी तक्रार असेल तर 17 ते 19 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे बारीक तंतू शोधा.

"एक साइज मोठा घेऊ, आत काहीतरी घालता येईल" हा विचार सोडून द्या. कपडा त्वचेला टेकला नाही तर घाम ओढणार कसा? ट्रायल रूममध्ये हात वर करून पाहा, उकिडवे बसून पाहा. कंबर उघडी पडत असेल तर पडल्यावर बर्फ थेट पाठीत शिरेल.

पायांकडे विशेष लक्ष द्या. थर्मलची मोहरी बुटात खुपसली की घडी पडते आणि नडगीला रुतते. पोटरीपर्यंतची तोकडी पँट घ्या किंवा मोहरी बुटाच्या वर दुमडा. मोज्यांचा जोड एकच हवा. दोन जोड घातले की बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं उलट जास्त गारठतात.

तिथे पोचल्यावर थंडी वाजली तर कारण शोधा. पाठ ओली असेल तर कपडे जास्त झालेत. चढ चढण्याआधीच फ्लीस उतरवा. फक्त बूड ओलं असेल तर थर्मलचा दोष नाही, बाहेरच्या पँटमधून पाणी शिरतंय. तिथे किमान 10,000 मिमीचं वॉटरप्रूफिंग हवं (कापड किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब झेलतं त्याचा हा आकडा). खाली ठीक आणि वर गेल्यावर कुडकुडत असाल तर तेही स्वाभाविक आहे. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर, गोंडोलाचा (तिथल्या केबल कारचा) दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जवळपास 3,950 मीटरला. एवढ्या चढाईत तापमान साधारण आठ अंशांनी उतरतं आणि वर वारा असतो तो वेगळाच. फ्लीस बॅगेत ठेवा आणि गोंडोलात बसण्याआधी चढवा.

रात्री ओलं थर्मल बुखारीला (खोलीतल्या काश्मिरी शेगडीला) टेकवून वाळत घालू नका, पॉलिएस्टर वितळतं. धुताना फॅब्रिक कंडिशनर वापरू नका, त्याचा थर बसून घाम ओढण्याची ताकद कमी होते. घरी परतल्यावर मेरिनो धुऊन, कडकडीत वाळवून हवाबंद पिशवीत ठेवा, नाहीतर मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी धरेल आणि न धुता ठेवलीत तर कसर लागेल.