कापसाचे पैसे आले, आधी कोणतं कार्ड फेडायचं?

दिवाळीनंतर कापूस विकून थोडा पैसा सुटतो आणि दोन-तीन क्रेडिट कार्डं थकलेली असली, की आपण सगळीकडे थोडं-थोडं भरतो. आमच्या जळगावकडे तर हे घरोघरी चालतं. त्यात पैसा जातो, व्याज मात्र हलत नाही.

१. प्रत्येक कार्डाच्या स्टेटमेंटवर महिन्याचा व्याजदर शोधा. तो बारीक अक्षरात, बहुतेक शेवटच्या पानावर असतो. बाकी रक्कम आणि दर वहीत लिहा.

२. सगळ्या कार्डांची ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे स्टेटमेंटवर दिलेली किमान भरायची रक्कम, भरा. उरलेला सगळा पैसा सर्वात जास्त दराच्या कार्डावर, मग त्याची बाकी लहान असो की मोठी.

३. ते मिटलं की त्याचा हप्ता पुढच्या कार्डाला जोडा.

उदाहरणार्थ, ४०,००० रुपये ३.७५ टक्क्यांनी थकले तर महिन्याला १,५०० रुपये व्याज, वर १८ टक्के जीएसटीचे २७०. म्हणजे १,७७० रुपये नुसते उडाले! कार्डावरून एटीएममधून रोख काढली असेल तर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, तेही हिशेबात धरा. पीककर्जाचा दर कार्डाच्या दरापुढे किरकोळ असतो, पण त्याची मुदत चुकवू नका. वेळेत फेडल्याची व्याजसवलत जाते.

एक जपा: थकलेल्या कार्डावर नवी खरेदी नको, अगदी किराणाही. बाकी असताना बिनव्याजी मुदत मिळत नाही.