कोळशावरच्या संचाचे उत्सर्जन: आधी दोन बाजूंनी मोजा, मग कमी करा

कोळशावरच्या वीजनिर्मिती संचातून ताशी किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो हे दोन रीतींनी कळते: जळलेल्या कोळशाच्या हिशेबावरून आणि चिमणीतल्या थेट मोजणीवरून. दोन्ही करा. एकाच आकड्यावर विसंबलात तर त्यातली चूक पकडायला हाताशी काही उरत नाही, आणि पुढचा कपातीचा दावाही त्याच चुकीवर उभा राहतो.

कोळशाच्या बाजूने

वजन फीडरवरचे (बॉयलरकडे कोळसा तोलून सोडणाऱ्या यंत्रावरचे) घ्या आणि नमुनाही तिथलाच घ्या. यार्डातल्या ढिगाचा ओलावा पावसापाण्याने बदलत राहतो. सर्वांत मोठा घोटाळा या ओलाव्यातच होतो. प्रयोगशाळा बहुधा हवेत सुकवलेल्या नमुन्यातला कार्बन कळवते, फीडर मात्र ओला कोळसा तोलतो. म्हणून कळवलेल्या कार्बनला (१०० − एकूण ओलावा) ने गुणा आणि (१०० − सुकवलेल्या नमुन्यातला ओलावा) ने भागा. कार्बन ४६ टक्के, सुकवलेल्या नमुन्यात ओलावा ८ आणि एकूण ओलावा २० टक्के असेल, तर खरा कार्बन ४० टक्के निघतो. ही पायरी गाळली की उत्सर्जन १५ टक्क्यांनी फुगते.

आता हिशेब. ताशी ३०० टन कोळसा म्हणजे १२० टन कार्बन. राख ३० टक्के, म्हणजे ९० टन. तिच्यात न जळलेला कार्बन १ टक्का धरला तर ०.९ टन वजा होतो. उरलेल्या ११९.१ टनांना ४४/१२ ने गुणले की सुमारे ४३७ टन कार्बन डायऑक्साइड येतो. संच ५०० मेगावॉटवर असेल तर दर युनिटला ०.८७ किलो. पण संचाचे पंखे, पंप, मिल (कोळसा दळणारी यंत्रे) यांनाच ६.५ टक्के वीज लागत असेल, तर बाहेर पाठवलेल्या दर युनिटला ०.९३ किलो पडतात. तुलना करताना कोणता आकडा घेतला ते लिहाच.

चिमणीच्या बाजूने

इथे घात बहुतेक वेळा प्रवाहाच्या मोजणीत होतो. वायू भोवऱ्यासारखा फिरत वर जात असेल तर पिटो नळी (वायूचा वेग मोजणारी नळी) प्रवाह जास्त दाखवू शकते. पूर्ण छेदावर अनेक बिंदूंना मोजून तिचा गुणांक ठरवा. दुसरी चूक: विश्लेषक वायू सुकवून मोजतो, प्रवाह मात्र ओल्या वायूचा असतो. बाष्प वजा न करता दोन्ही गुणले की वस्तुमान वाढून येते. तिसरी चूक जास्त फसवी आहे. उत्सर्जन मर्यादेशी तुलना करायला संहती (वायूतले प्रदूषकाचे प्रमाण) ६ टक्के ऑक्सिजनवर आणतात, म्हणजे तिला (२१ − ६) ÷ (२१ − मोजलेला ऑक्सिजन) ने गुणतात. ही दुरुस्त केलेली संहती प्रत्यक्ष प्रवाहाला कधीही गुणू नका. ऑक्सिजन ८ टक्के असेल तर तेवढ्यानेच १५ टक्के चूक होते.

सल्फरची पडताळणी सोपी आहे. कोळशात ०.४ टक्के सल्फर असेल तर ३०० टनांतून १.२ टन सल्फर, म्हणजे जास्तीत जास्त २.४ टन सल्फर डायऑक्साइड. थोडा सल्फर राखेत अडकतो. चिमणीवर याच्या निम्मेच दिसले तर नमुन्याची नळी तपासा. तिचे तापमान उतरले की पाणी साचते आणि वायू त्यात विरघळतो. दोन्ही बाजूंत ५ टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर तो सुटेपर्यंत कपातीचा आकडा काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कपात कुठे सापडते

हीट रेट (दर युनिट विजेला लागणारी उष्णता) १ टक्का सुधारला की वरच्या संचात ताशी ३ टन कोळसा आणि साधारण ४.४ टन कार्बन डायऑक्साइड वाचतो. सुरुवात हवेपासून करा. इकॉनॉमायझरनंतर (धुराच्या उष्णतेने पाणी तापवणाऱ्या भागानंतर) वायूतला ऑक्सिजन ३ ते ३.५ टक्के ठेवा. पण बॉयलरच्या आवरणातून हवा आत शिरत असेल तर ऑक्सिजन मोजणारा प्रोब ३.५ दाखवतो आणि बर्नर उपाशी राहतात. तेव्हा गळती आधी बुजवा. एअर प्रीहीटरची (ज्वलनाची हवा तापवणाऱ्या भागाची) गळती काढायला त्यात शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या वायूतल्या ऑक्सिजनमधला फरक (२१ − बाहेरचा ऑक्सिजन) ने भागून ९० ने गुणा. ३.५ चा ६ झाला तर १५ टक्के गळती: सील बदलायला हवेत. बाहेर जाणारा वायू २० ते २२ अंशांनी जास्त गरम असेल तर बॉयलरची कार्यक्षमता सुमारे १ टक्का घटते.

मिलमधून येणाऱ्या भुकटीचा ७० टक्के भाग ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेला पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ३०० मायक्रॉनवर १ ते २ टक्क्यांहून जास्त काही उरू नये; हे जाडे कणच न जळता राखेत जातात.

नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला हवा टप्प्याटप्प्याने द्या, पण अति केले की न जळलेला कार्बन वाढतो आणि भिंतीच्या नळ्या गंजतात.

सल्फरसाठी चुनखडीचे स्क्रबर (वायू धुणारे यंत्र) असेल तर दर टन पकडलेल्या सल्फर डायऑक्साइडला १.५६ टन शुद्ध चुनखडी लागते. स्लरीचा (चुनखडी आणि पाण्याच्या मिश्रणाचा) पीएच ५ ते ६ दरम्यान ठेवा: खाली गेला तर पकड सुटते, वर गेला तर चुनखडी न विरघळता वाया जाते आणि थर बसतात. चुनखडीतूनही दर टन सल्फर डायऑक्साइडमागे ०.६९ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हिशेबात धरा.

धूळ अचानक वाढली तर ईएसपीची (विजेच्या भाराने धूळ पकडणाऱ्या यंत्राची) विद्युत सेटिंग्ज बदलण्याआधी हॉपर (राख गोळा होणारी खालची पेटी) बघा. राख तुंबून इलेक्ट्रोडपर्यंत चढली की ते फील्ड (ईएसपीचा तो विभाग) शॉर्ट होते, आणि मग सेटिंग्ज कितीही बदलली तरी उपयोग होत नाही.