रोटरी इंजिन अल्कोहोलवर: प्रोजेक्ट घ्यायच्या आधी हे वाचा

दरवर्षी फायनल इयरची पोरं विचारून राहतात, भाऊ रोटरी इंजिन इथेनॉलवर चालवायचा प्रोजेक्ट घेऊ का, गडकरी साहेबांमुळे नागपुरात इथेनॉलचं नाव तर सगळ्यांनाच माहीत. घ्या ना बाप्पा, पण आधी इंजिन समजून घ्या. मी हिंगणा एमआयडीसीत एका वर्कशॉपात टेस्ट बेंचवर काम करतो, त्यामुळे थोडं सांगू शकतो.

रोटरीत वाल्व नाही, पिस्टन नाही, तिकोनी रोटर फिरते आणि त्याच्या तीन टोकांवर अपेक्स सील, म्हणजे भिंतीला घासत गॅस अडवणाऱ्या पट्ट्या, असतात. नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून ठोके बसणं, झालं की पहिले हेच सील तुटतात. इथंच अल्कोहोल (इथेनॉल किंवा मिथेनॉल) कामाचं, ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग सोसायची ताकद, जास्त, वरून वाफ होताना उष्णता भरपूर खेचते, पेट्रोल किलोला साडेतीनशे किलोज्यूलच्या आसपास तर मिथेनॉल अकराशे, म्हणजे चार्ज (आत जाणारं हवा-इंधनाचं मिश्रण) थंड राहते आणि नॉकिंग टळते.

आता खर्चाची बाजू. वजनानं पाहिलं तर पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९, मिथेनॉलला ६.४. म्हणजे तेवढ्याच हवेला इथेनॉल दीडपट आणि मिथेनॉल दुपटीहून जास्त टाकावं लागते, तर इंजेक्टर आणि पंप मोठे पाहिजेतच. रोटरी तशीही पिणारी, मायलेजचं स्वप्न सोडा.

सगळ्यात जास्त डोकं ऑइलमध्ये लावा. सीलला ऑइल चेंबरमध्येच द्यावं लागते आणि अल्कोहोल ते धुऊन नेते. साधं मिनरल टू-टी (टू-स्ट्रोक गाड्यांचं ऑइल) मिथेनॉलमध्ये मिसळतच नाही, खाली बसते. एरंडेल मिसळते, म्हणून मॉडेल विमानवाले तेच वापरतात. जपानच्या ओ.एस. कंपनीचं ५ सीसीच्या आतलं छोटं वांकेल (रोटरी इंजिनचंच दुसरं नाव) याच मिथेनॉल-एरंडेलच्या मिश्रणावर चालते, शिकायला भारी आहे ते.

पावसाळ्यात कॅनचं झाकण उघडं ठेवलं की अल्कोहोल हवेतलं पाणी ओढते. डिसेंबरच्या सकाळी नागपुरात पारा दहाच्या खाली गेला की शुद्ध इथेनॉलवर इंजिन उठत नाही, पेट्रोलवर स्टार्ट करून मग बदला. मिथेनॉलची ज्वाळा दिवसा दिसत नाही, अन् ते विष आहे, कातडीतूनही जाते, हातमोजे घालाच. इथेनॉलसाठी राज्य उत्पादन शुल्कची परवानगी पाहा, साठवणुकीच्या नियमांसाठी पेसोचं (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) हेड ऑफिस आपल्याच शहरात आहे.

नोकरीचं म्हणाल तर कारमध्ये रोटरीला फार जागा उरली नाही, ड्रोनमध्ये आहे. व्हीआरडीई अहमदनगर (आताचं अहिल्यानगर; डीआरडीओची वाहन लॅब), एनएएल (विमान संशोधनाची सरकारी लॅब) आणि एडीईनं (डीआरडीओची ड्रोन बनवणारी लॅब) मिळून बनवलेलं ५५ एचपीचं वांकेल २००९ मध्ये निशांत ड्रोनवर उडालं होतं. इंटरव्ह्यूला जाताना 'इथेनॉलवर चालवलं' एवढंच सांगू नका, लॅम्ब्डा (प्रत्यक्ष हवा-इंधन प्रमाण भागिले त्या इंधनाचं योग्य प्रमाण) आणि एक्झॉस्ट टेंपरेचरचे ग्राफ न्या. आणि मीटर एएफआरमध्ये (हवा-इंधन प्रमाणाचा थेट आकडा) नाही, लॅम्ब्डामध्ये लावा, नाही तर पेट्रोलचा आकडा वाचून भलतंच ट्यून करून बसाल.