भावाभावांचा हौशी बँड आणि 22 मिनिटांचा एपिसोड: लिहिण्यापासून शूटपर्यंत

भावांच्या हौशी बँडवर सिटकॉमचा, म्हणजे विनोदी मालिकेचा, एपिसोड लिहिताना गाण्याला हात लावायच्या आधी भांडण ठरवा. भावांच्या बँडमधली भांडणं सुरांवरून पेटत असली, तरी त्यांचं मूळ घरात असतं. 14 जुलै 1973 ला कॅलिफोर्नियातल्या एका कार्यक्रमात एव्हरली बंधू या अमेरिकन गायकजोडीतल्या फिलने गिटार आपटून फोडली आणि तो स्टेजवरून निघून गेला. ऑगस्ट 2009 मध्ये पॅरिसमध्ये ओअॅसिस या ब्रिटिश रॉक बँडचे गॅलाघर बंधू स्टेजवर जायच्या आधीच भांडले आणि बँड मोडला. सिटकॉमला एवढी मोठी आग परवडत नाही. तुमच्या भांडणाला हातात धरता येईल अशी एक वस्तू लागते: एकच अॅम्प (गिटारचा आवाज वाढवणारा स्पीकर), आईने दोघांत मिळून घेऊन दिलेली गिटार, किंवा हॉलमधला एकमेव चालू प्लगपॉइंट. वस्तू लहान आणि तिच्यामागची तक्रार पंधरा वर्षं जुनी, एवढं जमलं की प्रसंग आपोआप सुचतात.

बँडमध्ये चारपेक्षा जास्त माणसं घेऊ नका. दोन भाऊ, एक बेसवाला, एक ड्रमर. ड्रमर घरातला नसावा. घरच्या भांडणात अडकलेला परका माणूस म्हणजे प्रेक्षकाचे डोळे, आणि सगळ्यात हशा त्याच्याच गप्प बसण्यावर पिकतो.

सिंगल कॅमेरा पद्धतीने (एकेक शॉट वेगळा घेत) शूट करणार असाल तर 22 मिनिटांना संहितेची 28 ते 32 पानं धरा. पानाला एक मिनिट हा ढोबळ हिशेब विनोदी संवादांना लागू पडत नाही, कारण ते भरभर बोलले जातात. त्यात गाण्याचा एकूण वेळ दोन मिनिटांच्या आसपास ठेवा आणि तो तीन ठिकाणी वाटा. हिशेब सोपा आहे. 120 बीपीएमला, म्हणजे मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत, चार मात्रांचा एक बार दोन सेकंदांचा होतो. पहिल्या तालमीला 8 बार, म्हणजे 16 सेकंद. मधल्या फजितीला 16 बार, 32 सेकंद. शेवटच्या कार्यक्रमाला 36 बार, 72 सेकंद. संहितेत ‘बँड गाणं वाजवतो’ एवढंच लिहून पुढे गेलात तर एडिटरच्या टेबलावर तीन मिनिटांचं गाणं येऊन पडेल आणि कात्री संवादांना लागेल.

वाईट वाजवायचं, पण एकाच जागी

नवखे लेखक इथेच घसरतात. सूर बिघडलेला, ताल पळालेला, गायक बेसूर, सगळं एकदम. त्याचा नुसता गोंगाट होतो आणि प्रेक्षक आवाज कमी करतो. कुठे चुकलं हे कळल्याशिवाय हसू येत नाही. प्रत्येक प्रसंगात एक चूक निवडा आणि बाकीचं सगळं नीट वाजू द्या.

सगळ्यात उपयोगी चूक कापोची, कारण ती ऐकूही येते आणि दिसतेही. कापो म्हणजे गिटारच्या दांडीवर लावायचा चिमटा. एका भावाच्या गिटारला दुसऱ्या फ्रेटवर (दांडीवरच्या आडव्या पट्टीवर) कापो आहे, दुसऱ्याच्या नाही. दोघांची बोटं सारखी, आकार एकच, आवाजात मात्र एका पूर्ण सुराचा फरक. एकाची ई मायनर कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) दुसऱ्याकडे एफ शार्प मायनर होते.

> (दोघं एकच कॉर्ड धरतात. दोन वेगळ्याच ऐकू येतात.)
> दादा: परत.
> (पुन्हा तेच.)
> दादा: तू चुकतोयस.
> पिंट्या: मी तुझ्याकडे बघून वाजवतोय.
> दादा: मग नको बघूस माझ्याकडे.
> पिंट्या: हे आईला सांग. ‘दादाकडे बघ, दादाकडे बघ’ करून माझं लहानपण गेलं.
> ड्रमर: (हळूच) तो चिमटा...
> दोघं: तू गप्प रे!

इथे कॅमेरा चिमट्यावर नेऊ नका. वाइड शॉटमध्ये तो दिसत असला की पुरे. ज्याला दिसला तो आधी हसेल, ज्याला नाही तो शेवटी.

दुसरे पर्याय. ड्रमर प्रत्येक फिलनंतर (मधेच वाजवलेल्या छोट्या तुकड्यानंतर) थोडा पळतो आणि 120 ने सुरू झालेलं गाणं आठ बारांत 138 वर पोचतं. एक जण अंक मोजतो भरभर आणि गाणं सुरू होतं संथ. गिटारची बी तार 20 ते 25 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरवली तर ‘काहीतरी खटकतंय’ असं वाटतं. पाच सेंटचा फरक बहुतेकांच्या कानाला कळणारच नाही, आणि 50 सेंट, म्हणजे अर्ध्या सुराचाही अर्धा, उतरवली तर गिटार मोडकी वाटते, वाजवणारा नाही. प्रत्येक जण आपापला आवाज वाढवत जातो आणि शेवटी माइक शिट्टी मारतो, हाही प्रकार खरा आहे. पण ती शिट्टी ध्वनिमुद्रणात नंतर टाका, सेटवर काढून कुणाचे कान फोडू नका.

ट्रॅक शूटच्या आठवडाभर आधी

वाईट वाजवायला चांगले वादक लागतात. ज्याला नेमक्या बारावर चुकता येतं आणि पुढच्या टेकला तसंच चुकता येतं, तोच इथे कामाचा. ट्रॅक, म्हणजे सेटवर ज्यावर नट वाजवण्याचा अभिनय करतील ते गाणं, क्लिकवर (लय दाखवणाऱ्या टिकटिकीवर) रेकॉर्ड करा. ताल पळणार असेल तर क्लिकचाच वेग वाढता ठेवा. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट वेव्ह फाइल. सुरुवातीला दोन बारांचा काउंट, शेवटी निदान चार बार गुंजन विझेपर्यंतची शेपटी. मिक्स तीन करून ठेवा: पूर्ण, गायकाशिवाय आणि नुसता ड्रम-बेस.

सेटवर ट्रॅक फोनवरून ब्लूटूथ स्पीकरवर वाजवण्याचा मोह होतो. तो टाळा. ब्लूटूथमध्ये 100 ते 200 मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो आणि तोही दरवेळी सारखा नसतो. 25 फ्रेम्सला एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची असते, म्हणजे ड्रमवर पडणारी काठी आणि आवाज यांच्यात तीन ते पाच फ्रेम्सचा फरक पडेल. वायर लावा. स्पीकर बँडपासून दोनतीन मीटरवर ठेवा, कारण दहा मीटरवरून आवाजच 29 मिलिसेकंद उशिरा पोचतो.

गाण्यावर संवाद असतील तर ट्रॅक वाजत ठेवून चालत नाही, सगळे संवाद नंतर डब करावे लागतात. त्यासाठी जुनी युक्ती आहे. पहिले दोन बार ट्रॅक ऐकवा, मग तो बंद करून सबवूफरवर (खर्जाच्या स्पीकरवर) त्याच लयीत 40 हर्ट्झच्या आसपासचा नुसता ठोका चालू ठेवा. तो अंगाला जाणवतो आणि सगळे लयीत हलत राहतात. माणसाचा आवाज साधारण 80 हर्ट्झच्या वर असल्याने एडिटमध्ये हायपास फिल्टर (खालचे सूर गाळणारी चाळणी) लावला की ठोका निघून जातो, संवाद शाबूत.

ड्रम्स गप्प करणं हे वेगळंच काम. बेस ड्रममध्ये उशी, स्नेअर या छोट्या ड्रमच्या तारा खालून सैल, टॉम्सवर (बाकीच्या ड्रम्सवर) त्याच रंगाचे रबरी पॅड. झांजांना खालच्या बाजूने फोमच्या पट्ट्या चिकटवा, वरून काही दिसता कामा नये. झांज मारल्यावर हलली पाहिजे, फक्त तिचा आवाज नको.

ज्याला वाजवता येत नाही त्याला काय शिकवायचं

ड्रमर मात्र खराच घ्या. तिथे नाटक चालत नाही, दोन सेकंदांत पकडलं जातं. गिटारवाल्या नटांसाठी गाणंच दोन कॉर्ड्सचं करा. ई मायनर आणि ए सस टू. ई मायनरला पाचव्या आणि चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला दोन बोटं. तीच दोन बोटं एकेक तार खाली सरकवली, म्हणजे चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर, की ए सस टू. हाताचा आकार बदलत नाही, त्यामुळे कॅमेऱ्यात घोटाळा दिसत नाही. चार आठवडे रोज पंधरा मिनिटं पुरतात. पहिल्या काही दिवसांत बोटांची टोकं दुखतात, त्या दिवसांत सराव दोनदा सातसात मिनिटांचा करा.

उजव्या हाताला जास्त वेळ द्या. डावा हात क्लोजअपला दुसऱ्याचा वापरता येतो, उजवा खांद्यापासून हलतो आणि तो सगळ्या शॉट्समध्ये दिसतो. आणखी एक: गिटारला वायर जोडा आणि ती अॅम्पपर्यंत न्या. वायर नसलेली इलेक्ट्रिक गिटार धाडधाड वाजताना दिसली की जाणकार प्रेक्षक तिथेच हात टेकतो.

दहाचा काटा

शेवटचा कार्यक्रम सोसायटीच्या गणेशोत्सवात ठेवा, त्यात घड्याळ फुकट मिळतं. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. बँडची वेळ 9:40 ला असली, त्याआधी लहान मुलांचा नाच आणि अध्यक्षांचं भाषण लांबलं, की ताण तयार. पण प्रसंग कुठल्या दिवशीचा ते आधी ठरवा. सणासुदीला राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं, आणि अशा दिवशी तुमचा दहाचा काटा खोटा पडेल. तालमीचे प्रसंगही याच नियमांवर उभे राहतात. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे आणि ड्रमसेट जवळून सहज शंभरी ओलांडतो. खालच्या मजल्यावरच्या काकू कायद्याने बरोबर असतात, हे विसरून त्यांना खलनायिका करू नका.

गाणं स्वतः लिहा. प्रसिद्ध गाण्याची आठ सेकंदं वापरायची तरी रचनेचा हक्क वेगळा आणि मूळ ध्वनिमुद्रणाचा वेगळा घ्यावा लागतो. ‘पाच सेकंदांपर्यंत चालतं’ ही अफवा आहे. वाईट बँडचं गाणं लिहायला अवघडही नाही: यमक ओढूनताणून आणलेलं, भावना मात्र खरी.

शेवटी बँड अचानक छान वाजवू लागला तर आधीची वीस मिनिटं वाया गेली. एकच गोष्ट सुधारू द्या: धाकटा न बोलता दादाच्या गिटारवरचा चिमटा काढून स्वतःच्या खिशात टाकतो. ताल तसाच पळतो, पण दोन गिटार पहिल्यांदा एका सुरात लागतात. हा 72 सेकंदांचा ट्रॅक वेगळा रेकॉर्ड करावा लागेल, तालमीच्या ट्रॅकवर भागवू नका.

पॅकअपच्या आधी अॅम्प चालू ठेवून, कुणीही न बोलता, त्याची घरघर मिनिटभर रेकॉर्ड करून घ्या. गाणं थांबल्यावर दोघं एकमेकांकडे बघतात त्या शॉटखाली तीच लागणार आहे.