हौदातली चिलापी: मोठी आपल्याला, बारकी कोंबड्यांना

तळेवाले चिलापीच्या नावानं बोटं मोडतात, कारण हा मासा दोन-तीन महिन्यात वयात येतो आणि मग पिल्लांचा नुसता बुजबुजाट, एकही धड वाढत नाही. पण दारात कोंबड्या असतील तर हीच बारकी पिल्लं कामाला येतात.

आमचा हौद 10 बाय 5 फूट, पाणी अडीच फूट म्हणजे साडेतीन हजार लिटर धरा. नवा हौद असेल तर दोन-तीनदा भरून सोडून द्या, सिमेंटचा खार निघायला हवा. नळाचं पाणी दोन दिवस तसंच ठेवा. मग किलोभर शेणाचा काला ओता, आठ-दहा दिवसात पाणी हिरवं होतं. हात कोपरापर्यंत बुडवायचा, तळवा अंधुक दिसला की जमलं, दिसेनासाच झाला तर शेण बंद. आता 50-60 पिल्लं पुरे. पिल्लं आणलेली पिशवी पंधरा मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मगच सोडा.

खायला तांदळाचा कोंडा नि शेंगदाणा पेंड, दहा मिनिटात संपेल एवढंच. मी एकदा गावाला जायचं म्हणून तीन दिवसांची पेंड एकदम टाकली, आणि दुसऱ्या पहाटे निघताना बघतो तर सगळे मासे वर येऊन आ वासतायत!! कुजकी पेंड आणि हिरवं शेवाळ दोन्ही रात्री पाण्यातला ऑक्सिजन खातात. बादलीनं उंचावरून पाणी ओतत बसलो तरी अकरा गेले, गाव राहिलं ते राहिलंच.

गाल फुगवून उपाशी फिरणारी मादी दिसली तर तिला पकडू नका, तोंडात अंडी असतात. नंतर काठाला पिल्लांचा घोळका दिसेल, तो मच्छरदाणीच्या तुकड्यानं काढायचा. कोंबड्यांना उकडून, कोंड्यात कालवून द्या, कच्चे नको. दहा कोंबड्यांना मूठभर, दिवसाआड. जास्त झालं की अंड्याला वास मारतो, आमच्या आईनं ऑम्लेट तसंच बाजूला सारलं होतं.

आपल्यासाठी तळहाताएवढे काढा आणि दोन दिवस स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवा, मातकट वास जातो. मग हळद-मीठ-तिखट, रवा, तवा.

जास्तीची पिल्लं ओढ्यात मात्र सोडू नका, तिथल्या मळ्या-खवल्या अशा गावठी माशांना ही जगू देत नाही. आणि हौदावर जाळी पहिल्याच दिवशी टाका, खंड्याला पत्ता लागला की तो रोज येतो.