गिऱ्हाईक 'ओके' म्हणालं, आता पुढं काय करायचं?

कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या कारागिरांच्या चपला परदेशी पाठवायचं काम मी करते. हाताखाली नवीन पोरगी आली की तिला पहिली गोष्ट हीच सांगते: समोरून 'ओके' आलं म्हणून लगेच कारागिराला फोन लावायचा नाही. ते कशाच्या उत्तरात आलंय, ते आधी बघायचं.

फोटो, माप, भाव, टपालखर्च असं सगळं एकदम पाठवलं आणि उत्तर नुसतं 'ओके' आलं, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'वाचलं' एवढाच असतो. होकार पाहिजे तर एकच प्रश्न विचारा: 'कापशी चप्पल, युरोपी माप ४१, दोन जोड. करायला सांगू का?' ह्यावर आलेलं ओके पक्कं धरा.

माल पोचल्यावर 'कशी वाटली?' विचारलं आणि 'इट्स ओके' आलं, तर खूश होऊ नका. ते 'ठीक आहे, चालतंय' असं असतं. अंगठा रुततोय का, पट्टा घट्ट होतोय का, ते लगेच विचारा. पण उशिराबद्दल माफी मागितल्यावर तेच 'इट्स ओके' आलं, तर 'असू दे, हरकत नाही'. शब्द तेच, म्हणून आधीचा मेसेज परत वाचायचाच. व्हिडिओ कॉलवर अंगठा आणि तर्जनीचं कडं करून ओके दाखवू नका. ब्राझीलमध्ये ती शिवी आहे.

हा शब्द आला कुठून, तेही मी पोरींना सांगते, कारण मला तो भाग लई आवडतो. १८३९ साली बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं छापायची टूम होती. 'ऑल करेक्ट'मधला 'ऑल' ओ-नं आणि 'करेक्ट' के-नं लिहून झालं ओ. के.; २३ मार्चच्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये ते छापून आलं. तसली बाकीची आद्याक्षरं विरून गेली. हे टिकलं, कारण १८४० च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन यांच्या कार्यकर्त्यांनी ते उचललं. व्हॅन ब्यूरेन किंडरहूक गावचे, म्हणून त्यांचं टोपणनाव 'ओल्ड किंडरहूक', म्हणून ओ. के. क्लब. ते हरले, पण तोवर शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला होता. ॲलन वॉकर रीड या अभ्यासकानं जुनी वर्तमानपत्रं चाळून हे १९६० च्या दशकात मांडलं.

म्हणजे मुळात अर्थ 'सगळं बरोबर आहे' असा होता. आपण पाठवताना तोच जपायचा. नुसतं 'के' तर अजिबात नको, तुसडं वाटतं. 'ओके'च्या पुढं काम लिहा: 'ओके, बुधवारी कुरिअरला देते.'